‘टेक्स’ : दोन भाऊ, दोन घोडे आणि एक मोटरसायकल

अमेरिकेतील किशोरवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्यांमध्ये एस. ई. हिंटन यांचे नाव गेली पाच दशके अग्रक्रमाने घेतले जाते. ‘द आउटसायडर्स’ या त्यांच्या पहिल्याच कादंबरीने त्यांना एवढी कीर्ती मिळवून दिली, की नंतरची पुस्तके त्या कीर्तीच्या सावलीतच राहिली. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘टेक्स’ ही त्यांची चौथी कादंबरी त्यांपैकीच एक. टोळ्यांच्या मारामाऱ्या आणि शहरी गल्ल्या मागे टाकून हिंटन येथे ओक्लाहोमा राज्यातील ग्रामीण भागात येतात आणि आईविना, बापाच्या भरवशाविना एका घरात राहणाऱ्या दोन भावांची गोष्ट सांगतात. घोडे, मोटरसायकल, रोडिओ आणि महिनाअखेरीस न भरलेली बिले हा या गोष्टीचा परिसर आहे. लेखनाच्या सफाईचा विचार केला, तर हिंटन यांची ही सर्वांत जमलेली कादंबरी म्हणावी लागेल.

कथानकाची सुरुवातच घरातील टंचाईने होते. टेक्स मॅककॉर्मिक हा पंधरा वर्षे पुरी व्हायच्या बेतातला मुलगा ही गोष्ट स्वतः सांगतो. त्याचा थोरला भाऊ मेसन सतरा वर्षांचा, शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणारा आणि बास्केटबॉलमधील चमकता खेळाडू. त्यांची आई टेक्स अगदी लहान असतानाच वारली आहे. वडील, ज्यांना मुले ‘पॉप’ म्हणतात, रोडिओच्या फेरीवर निघून गेले ते कित्येक महिने परतलेले नाहीत. पत्र नाही, फोन नाही आणि पैसेही नाहीत. घर चालविण्याची सगळी जबाबदारी मेसनच्या अंगावर येऊन पडली आहे. हिवाळा तोंडावर असताना तो एके दिवशी दोन्ही घोडे विकून टाकतो. त्यातला ‘निग्रिटो’ हा टेक्सचा जीव की प्राण. घरी आलेल्या टेक्सला ही बातमी कळते आणि दोघा भावांत जी मारामारी होते, तिच्यापासून कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू होते.

या प्रसंगातली खुबी अशी की, वाचकाची सहानुभूती एकाच बाजूला राहात नाही. गोष्ट टेक्सच्या तोंडून येते, त्यामुळे त्याचा आकांत थेट पोचतो. पण घरातल्या परिस्थितीचे जे तपशील तो सहज बोलून जातो, त्यांतूनच मेसनचा हिशेब वाचकाला दिसू लागतो. घोडा उभा असला तरी त्याला दोन वेळा चारा लागतो आणि हिवाळ्यात कुरणात काही उरत नाही. बिले थकलेली असताना दोन जनावरे पोसणे सतरा वर्षांच्या मुलाला शक्य नाही. मेसन हे सारे भावाला समजावून सांगत नाही, कारण समजावून सांगण्याची त्याला सवय नाही. तो मारतो. नंतर त्याचाच त्याला त्रास होतो. पोटात दुखू लागते आणि पुढे टल्साच्या इस्पितळात तपासणी केल्यावर अल्सरचे निदान होते. सतरा वर्षांच्या मुलाला अल्सर, एवढ्या एका तपशिलात लेखिकेने पुष्कळ सांगून टाकले आहे.

कुंपणापलीकडचे घर

मॅककॉर्मिक बंधूंच्या शेजारी कॉलिन्स कुटुंब राहते. पैशाने सुखवस्तू, शिस्तीने कडक. कुटुंबप्रमुख कोल कॉलिन्स यांना हे बिनआईबापाच्या घरचे मुलगे आपल्या मुलांच्या संगतीत असणे मुळीच पसंत नाही. पण त्यांचा मुलगा जॉनी हा टेक्सचा जिवलग मित्र आहे आणि मुलगी जेमी हिच्याविषयी टेक्सच्या मनात कोवळी ओढ आहे. मोटरसायकल या कादंबरीत येते ती जॉनीची. हा भेद महत्त्वाचा आहे. टेक्सजवळ घोडा होता, तो विकला गेला. जॉनीजवळ मोटरसायकल आहे, ती त्याच्या वडिलांच्या ऐपतीची खूण आहे.

मोटरसायकलवरून ओढा ओलांडण्याचा प्रसंग हा कादंबरीतील सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग. बरोबरीच्या मुलांसमोर जॉनीला डिवचले जाते. उडी मारायची वेळ येते तेव्हा त्याची हिंमत होत नाही. तेव्हा टेक्स ती मोटरसायकल घेतो आणि उडी मारतो. मित्राची लाज राखावी या भावनेने केलेली ही गोष्ट मित्राला मात्र अपमानासारखी लागते. ‘माझ्याच गाडीवर बसून तू मला भित्रा ठरवलेस’, हा जॉनीच्या मनातला सल पौगंडावस्थेतील मैत्रीचे नेमके मर्म पकडतो. टेक्सला हे उमगायला वेळ लागतो. तो मुळात दुसऱ्याच्या मनातले ओळखण्यात मंद, पण वृत्तीने निर्मळ मुलगा आहे आणि निवेदक म्हणून त्याची ही मर्यादाच लेखिकेने कौशल्याने वापरली आहे.

अशा उडीत जॉनीचे काय चुकते हे मोटरसायकल चालविणाऱ्याला चटकन कळेल. चढावर पोचताना वेग एकसारखा ठेवावा लागतो. अखेरच्या क्षणी घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, तर पुढचे चाक खाली झुकते आणि गाडी तोंडावर आपटण्याचा धोका असतो. उडी मारायचीच नसेल, तर तो निर्णय बराच आधी घ्यावा लागतो. मधली वाट उपलब्ध नसते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या साध्या मोटरसायकलींचे सस्पेन्शन जेमतेम चार इंचांच्या आसपास हलत असे. त्यामुळे जमिनीवर उतरतानाचा दणका थेट स्वाराच्या मणक्याला बसे. लांब पल्ल्याचे सस्पेन्शन मोटोक्रॉसच्या गाड्यांमध्ये आले ते त्याच दशकाच्या मध्याला.

कादंबरीतला हा छंद हवेतून आलेला नाही. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या मार्लन ब्रँडोच्या चित्रपटाने अमेरिकेत मोटरसायकलस्वार म्हणजे गुंड अशी प्रतिमा रूढ केली होती. साठच्या दशकात होंडाने चालविलेल्या जाहिरातमोहिमेने ती बरीच पुसली आणि हलक्या जपानी गाड्या मध्यमवर्गीय घरांच्या अंगणात दिसू लागल्या. १९६८ मध्ये यामाहाने बाजारात आणलेल्या ‘डीटी-१’ने मातीच्या वाटांवर आणि शेतांतून गाडी हाकणे हा घरोघरचा खेळ करून टाकला. १९७१ मध्ये ब्रूस ब्राऊन यांचा ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट आला, त्यात स्टीव्ह मॅक्वीनसारखा नटही धुळीतून गाडी पिटाळताना दिसतो. आणि ८ सप्टेंबर १९७४ रोजी एव्हल निव्हलने आयडाहोतील स्नेक नदीची दरी वाफेवर चालणाऱ्या रॉकेटने ओलांडण्याचा जो अयशस्वी खटाटोप केला, त्याने उडी या गोष्टीचे वेड शाळकरी मुलांपर्यंत पोचविले. फळकूट आणि विटा रचून उतरण तयार करणे हा त्या काळातील अमेरिकन पोरांचा आवडता उद्योग होता. आपल्याकडे त्याच सुमारास ‘बॉबी’ चित्रपटातील छोटी राजदूत तरुणांच्या मनात भरली होती खरी. पण साध्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणाऱ्या देशात ओढ्यावरून गाडी उडविण्याची चैन परवडण्यासारखी नव्हती.

रोडिओवरचा बाप

पॉप हे पात्र रंगविताना हिंटन यांनी कुठेही खलनायक उभा केलेला नाही. तो हसरा आहे, गप्पिष्ट आहे, मुलांवर प्रेमही करतो; फक्त त्याला मुलांची आठवण राहात नाही. त्याच्या व्यवसायाचे स्वरूप लक्षात घेतले, तर हे अधिक स्पष्ट होते. रोडिओत पगार नसतो. स्पर्धक स्वतः प्रवेश शुल्क भरून उतरतो, प्रवासखर्च स्वतःच करतो आणि बक्षीस मिळाले तरच कमाई होते. उधळणाऱ्या घोड्यावर किंवा बैलावर एका हाताने धरून आठ सेकंद टिकायचे. त्याआधी पडला तर त्या दिवशीचे पैसे बुडाले. हाडे मोडली तरी दवाखान्याचा खर्च स्वतःचाच. उन्हाळाभर एका गावाहून दुसऱ्या गावाला फिरत राहणे हेच या मंडळींचे जीवन. या खेळाची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा १९६५ पासून १९८४ पर्यंत ओक्लाहोमा सिटीतच भरत असे, म्हणजे मॅककॉर्मिकांच्या राज्याच्या राजधानीत. त्या मुलुखात रोडिओचे आकर्षण किती खोल असेल, याची यावरून कल्पना यावी. बाप आठ सेकंदांच्या मागे फिरतो आणि घरी मुलगा गॅसच्या बिलाच्या मागे, असा हा विरोध आहे. लेखिका तो बोलून दाखवीत नाही, हे तिचे शहाणपण.

जत्रेतला एक प्रसंग येथे सांगायला हवा. दोघे भाऊ आणि त्यांचे मित्र मेळ्यात गेलेले असताना एक भविष्य सांगणारी बाई टेक्सला सांगते की, तू तुझा मुलूख सोडून जाणार नाहीस. मेसनच्या डोक्यात बास्केटबॉलची शिष्यवृत्ती आणि इंडियाना आहे; टेक्सला घोड्यांपलीकडे काही नको आहे. पुढे सबंध कादंबरीभर हा प्रश्न तरंगत राहतो : कोण जाईल, कोण राहील आणि जो जाईल त्याला मागे राहणाऱ्याचा हात कसा सोडवेल? ग्रामीण भागातून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर पडलेल्या थोरल्या मुलांना हा प्रश्न ओक्लाहोमात जाऊन वाचावा लागणार नाही. मेसन धाकट्याला मारतो, रागावतो, त्याची लाज बाळगतो. पण त्याला एकटे टाकून शिकायला जाण्याची कल्पनाही त्याला सहन होत नाही.

मूळ शोधताना

कादंबरीच्या मध्यावर कथानक अचानक वेग घेते आणि येथे तिची कमकुवत बाजूही दिसते. इस्पितळातून परतताना भाऊ एका वाटसरूला गाडीत घेतात. तो तुरुंगातून पळालेला निघतो आणि पिस्तूल रोखतो. टेक्स प्रसंगावधान राखून गाडी खड्ड्यात घालतो, पोलिसांच्या गोळीने तो माणूस मरतो. हा वाटसरू म्हणजे हिंटन यांच्याच ‘दॅट वॉज देन, धिस इज नाऊ’ या १९७१ च्या कादंबरीतील मार्क. जुन्या वाचकांना ही ओळख पटते तेव्हा अंगावर काटा येतो, हे मान्य. परंतु ज्यांनी आधीची कादंबरी वाचलेली नाही, त्यांना हा प्रसंग दूरचित्रवाणी मालिकेतून उचलून आणल्यासारखा वाटण्याची शक्यता आहे. त्याचा कथेला उपयोग एवढाच, की या घटनेची बातमी दूरचित्रवाणीवर झळकते आणि ती पाहून पॉप घरी परततो. महिनोन्महिने मुलांची खबर न घेणाऱ्या बापाला पडद्यावर मुले दिसल्यावर घर आठवते, हा उपरोध मात्र बिनतोड आहे.

पॉप परतल्यावर सगळे सुरळीत होईल, असे टेक्सला वाटते. घोडा मात्र परत मिळत नाही. शाळेतील टंकलेखन यंत्रांवर टिकल्या चिकटवून फटाके उडविण्याच्या एका खोडीवरून प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत जाते. तिथे उसळलेल्या वादात टेक्सला समजते की, पॉप हा आपला जन्मदाता नव्हे. पॉप तुरुंगात असताना आईच्या आयुष्यात आलेल्या दुसऱ्याच पुरुषाचा तो मुलगा आहे. मेसनला हे ठाऊक होते. गोष्टीतला हा सर्वांत कठीण क्षण. ‘आपला’ म्हणावा असा बाप नाही आणि भाऊही अर्धाच, अशा अवस्थेत टेक्स लेम पीटर्स या मेसनच्या जुन्या मित्रासोबत शहरात निघून जातो. लेम तरुणपणीच लग्न करून बाप झालेला. पैशासाठी अमली पदार्थांच्या व्यवहारात गुंतलेला. त्या व्यवहारात बाचाबाची होते आणि टेक्सला गोळी लागते.

इस्पितळातील शेवटच्या भागात हिंटन यांनी फार संयम दाखविला आहे. भावांचे मनोमीलन भाषणांतून होत नाही. मेसन खाटेशेजारी बसून राहतो. अर्धे रक्त की पूर्ण, हा प्रश्न विरून जातो, कारण ज्याने ताप आल्यावर डोक्याशी बसायचे, जेवण शिजवायचे आणि मार द्यायचा, ते सर्व या भावानेच केले आहे. अखेरीस टेक्सला जवळच्या क्वार्टर हॉर्स घोड्यांच्या फार्मवर काम मिळते. पाव मैलाच्या शर्यतीत चपळ असणारी आणि गुरे वळवायला उपयोगी पडणारी ही जात त्या भागाचा अभिमान आहे. आणि मेसनने शिकायला जावे, यासाठी आग्रह धरतो तो धाकटा.

अद्याक्षरांमागची लेखिका

सुझन एलोइज हिंटन या मूळच्या टल्साच्याच. खनिज तेलाच्या जोरावर वाढलेल्या या शहरात त्या शिकल्या आणि पुढेही तिथेच राहिल्या. लहानपणी त्यांचे लेखन घोडे आणि काऊबॉय यांच्याभोवतीच फिरत असे. ‘द आउटसायडर्स’ त्यांनी शाळेत असतानाच लिहायला घेतली आणि १९६७ मध्ये ती प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या नुकत्या महाविद्यालयात गेल्या होत्या. मुलांच्या मारामाऱ्यांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे म्हटल्यावर पुरुष समीक्षक नाक मुरडतील, या धास्तीने प्रकाशकांनी नावाची केवळ अद्याक्षरे छापण्याचे सुचविले. ती युक्ती एवढी यशस्वी झाली की पुष्कळ वाचक त्यांना पुरुषच समजत. त्या पुस्तकाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यावरच्या संगीतिकेला २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला. पहिल्या यशानंतर मात्र हिंटन यांची लेखणी काही वर्षे अडली होती. पुढे ज्यांच्याशी त्यांचे लग्न झाले, त्या डेव्हिड इनहॉफ यांनी रोज दोन पाने लिहिण्याचा नेम घालून दिला आणि दुसरी कादंबरी पूर्ण झाली.

हिंटन यांच्या पुस्तकांतून भाऊ हे नाते पुन:पुन्हा येते. ‘द आउटसायडर्स’मध्ये आईबाप गमावलेले तीन भाऊ आहेत आणि थोरला डॅरी शिक्षण सोडून मजुरी करतो. १९७५ च्या ‘रंबल फिश’मध्ये धाकटा रस्टी-जेम्स आपल्या थोरल्या भावाच्या वलयाने झपाटलेला आहे. त्या भावाला सगळे ‘मोटरसायकल बॉय’ याच नावाने ओळखतात. एका मासिकातून कापून ठेवलेल्या, मोटरसायकलसोबतच्या मुलाच्या छायाचित्रावरून ती कादंबरी सुचल्याचे हिंटन यांनी सांगितले आहे. तिथे मोटरसायकल म्हणजे सुटका, एकटेपण आणि शेवटी मृत्यू. चार वर्षांनंतरच्या ‘टेक्स’मध्ये तीच वस्तू शेजारच्या मुलाचे खेळणे होऊन येते, चिखलाने माखते, मित्रांत भांडण लावते आणि विसरली जाते. मोटरसायकलभोवतीचे धुके लेखिकेने येथे पुसून टाकले, हे ‘टेक्स’च्या प्रौढपणाचे एक लक्षण मानता येईल. १९८८ मध्ये किशोरवयीन वाचकांसाठीच्या लेखनाबद्दल अमेरिकेत सुरू झालेल्या मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्काराच्या पहिल्या मानकरी हिंटनच होत्या.

पडद्यावरील ‘टेक्स’

हिंटन यांच्या कादंबऱ्यांपैकी पडद्यावर सर्वांत आधी आली ती ‘टेक्स’च. १९८२ मध्ये डिस्नेने हा चित्रपट काढला. अमली पदार्थ आणि अनौरस संतती असे विषय असलेली कथा कार्टूनपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीने हाती घ्यावी, याचे तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. टिम हंटर यांचे दिग्दर्शक म्हणून हे पदार्पण होते. पटकथा त्यांनी चार्ल्स हास यांच्यासह लिहिली. या दोघांनीच लिहिलेल्या ‘ओव्हर द एज’मधून १९७९ मध्ये मॅट डिलन प्रथम पडद्यावर आला होता. तोच येथे टेक्स झाला. मेसनच्या भूमिकेतील जिम मेट्झलर याला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले आणि चित्रपट पाहिल्यावर ते योग्यच वाटते. चेहऱ्यावर कायम हिशेब करीत असलेला हा तरुण विसरता येत नाही. जॉनीच्या भूमिकेत एमिलिओ एस्तेवेझ, जेमीच्या भूमिकेत मेग टिली आणि कोल कॉलिन्स झाले बेन जॉन्सन, जे स्वतः ओक्लाहोमाचे आणि चित्रपटांत येण्यापूर्वीचे अस्सल काऊबॉय. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी ‘द आउटसायडर्स’ आणि ‘रंबल फिश’ हे दोन्ही चित्रपट टल्सातच चित्रित करून आणले. त्या दोहोंतही डिलन होता.

‘टेक्स’चे चित्रण टल्सा व परिसरातच झाले आणि हिंटन सेटवर नुसत्या पाहुण्या म्हणून हजर नव्हत्या. टंकलेखन वर्गाच्या शिक्षिकेची छोटी भूमिका त्यांनी केली. न्यूयॉर्क राज्यात वाढलेल्या डिलनला घोड्यावर बसायलाही त्यांनीच शिकविले. पडद्यावर टेक्सचा म्हणून जो घोडा दिसतो, तो हिंटन यांच्या स्वतःच्या मालकीचा होता. त्याचे नाव त्यांनी ठेवले होते टोयोटा.